फिटरमामा आणि आमची ओली भिंत

फिटरमामा कुणाच्याही घरात शिरले, की आधी घरातल्या सगळ्यांना गप्प करत. रेडिओ बंद, पंखा बंद, कुकर गॅसवरून खाली. मग टोपी मागं सारून ते उजवा कान भिंतीला लावत आणि डोळे मिटून घेत. अशा वेळी कुणी नुसतं खोकलं तरी डोळे न उघडता ओरडत, "अरं गप्प की! भिताड बोलाय लागलंय आन् तुमचं मधीच काय?"

कसबा बावड्यातल्या आमच्या कॉलनीत त्यांचं खरं नाव कुणालाच माहीत नव्हतं. उभी हयात साखर कारखान्यात वाफेच्या पाइपांवर गेलेली. निवृत्त झाल्यावर ते घरगुती नळांकडे वळले, पण धास्ती कारखान्यातलीच राहिली. मोरीतली साधी तोटी सोडवतानाही 'लांब व्हा, लांब व्हा' म्हणून बायकापोरांना बाहेर काढत. आधीच कुणी खर्च विचारला तर मात्र भडकत. "मी काय जोतिषी हाय व्हय? भिताडाला इचारतो, मग तुम्हाला सांगतो."

आमच्या भिंतीशी त्यांचं बोलणं झालं ते सत्त्याण्णवच्या सुमाराला. मी हायस्कूलवर इंग्रजी शिकवत होतो. कर्ज काढून नवं घर बांधलं होतं, आणि बांधणारा कंत्राटदार होता माझा मेव्हणा, बाळू. सगळे पाइप भिंतीच्या पोटात, बाहेरून काही दिसायचं नाही, याचं तेव्हा मला फार कौतुक होतं. दोन वर्षांनी हॉलच्या भिंतीवर ओलीचा एक डाग उठला. बघता बघता तो पसरला आणि प्लास्टर भाकरीसारखं टम्म फुगलं. पलीकडच्या खोलीतलं लाकडी कपाट बुरसलं, त्यात बायकोचा, सुमनचा, लग्नातला शालू गेला. शेवटी एका रविवारी सकाळी भिंतीचा मोठा पोपडा धप्पकन खाली आला आणि हॉलमध्ये ओहोळ सुरू झाला.

दोन प्लंबर येऊन बघून गेले. गळती बाथरूमच्या पाइपातली म्हणत दोघांनीही अख्खं बाथरूम फोडायला सांगितलं. फरशा, पाइप, प्लास्टर, रंग धरून बावीस हजार! माझा चार महिन्यांचा पगार. मी तडक बाळूला बोलावून घेतलं आणि नको ते बोललो. "सडके पाइप घातलेस. घरच्या माणसाला फसवलंस. सगळा खर्च तू द्यायचास."

"दाजी, पाइप मी स्वतः दाब देऊन तपासलेत. एक थेंब गळत नव्हता," तो म्हणाला.

"मग काय मी ओततोय भिंतीत पाणी?"

बाळू पुढ्यातला चहा तसाच ठेवून उठला. मी तोटीखाली बादली लावावी तशी त्या भिंतीखाली परात लावली आणि हट्टाला पेटून बसलो. त्या वर्षी तो भाऊबीजेला आला नाही. सुमननं संध्याकाळपर्यंत ताट तयार ठेवलं होतं. मग तिनं निरांजन काढून देवापुढं ठेवलं आणि मला वाढायला घेतलं. मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

अखेर शेजाऱ्यांनी फिटरमामांना आणलं. रीतसर सगळे गप्प झाले. मामांनी ओलीच्या जागी कान लावला, मान हलवली आणि खेकड्यासारखे भिंतीला चिकटून आडवे सरकू लागले. "ओल हितं हाय, पर पाणी हितलं न्हाय. पाणी लई लबाड असतंय, मास्तर. वर रडतंय आन् खाली येऊन डोळं पुसतंय."

सरकत सरकत ते थांबले, ते माझ्या 'गुणवंत शिक्षक' सन्मानपत्राच्या फ्रेमपाशी. "ह्ये उतरा."

"मामा, त्याचा काय संबंध?"

"उतरा की!"

फ्रेम उतरवली. मामांनी तिच्यामागचा लांबलचक स्क्रू फिरवून ओढला मात्र, पाण्याची चिळकांडी थेट त्यांच्या टोपीवर आली. मामा हरखले. "आलं बघा म्हाराज!" मग माझ्याकडं वळून म्हणाले, "कुणी मारला ह्यो?"

मारला मीच होता. शेजाऱ्याचं ड्रिल मशीन मागून आणलं होतं. मध्येच काहीतरी टणक लागलं, तेव्हा 'बाळूनं विटा काय भक्कम वापरल्यात' असं म्हणत मी सगळं अंग त्यावर टाकलं होतं. टाकी धुवायला म्हणून त्या दिवशी रिकामी केली होती, त्यामुळं थेंबही आला नाही.

सुमन स्वयंपाकघरात होती. मी हळूच म्हणालो, "मामा, पाइप गंजला होता म्हणून सांगा. वर शंभर रुपये देतो."

कॉपी करताना सापडलेल्या पोराकडं मी जसा बघतो, तसं मामांनी माझ्याकडं बघितलं. मग त्यांनी बाहेर जाऊन मुख्य कॉक बंद केला आणि पायरीवर बसून तंबाखू मळायला घेतली.

"झालं काम?" मी विचारलं.

"न्हाय. धा मिंटाचं काम हाय. पर आमच्या कारखान्यात नेम हुता. पाइप फुटला की आदी सायबाला खरं कारन सांगायचं, मग पाना उचलायचा. तुमच्या हितं सायब कोन?"

मी स्वयंपाकघराकडं बघितलं.

"मग बलवा."

सुमननं सगळं ऐकून घेतलं. पदराला हात पुसत ती म्हणाली, "मला काय सांगताय? बाळूला सांगा." आणि स्वतःच कोपऱ्यावरच्या बूथवरून त्याला फोन करून आली. तो कबनूरला एका कारखान्याच्या बांधकामावर होता. संध्याकाळी येतो म्हणाला.

तोवर घरात पाण्याचा थेंब नाही. खरकटी भांडी तशीच पडली. मी कॉलनीतल्या दहा घरांतून बादल्या वाहिल्या आणि दहा घरांना कारण सांगितलं. मामांनी आमच्याकडं झुणका-भाकरी खाल्ली आणि त्याच भिंतीखाली सतरंजी टाकून घोरत पडले.

पाचला बाळू आला. दारातच उभा राहिला. "आय अ‍ॅम सॉरी, बाळू," मी म्हणालो.

मागून सतरंजीवरून मामांचा आवाज आला, "मराठीत बोला की! इंग्रजीत समद्यांनाच जमतंय."

मग मराठीत बोललो. चूक माझी, तुझे पाइप चांगले होते, तुला फसवा म्हणालो ते शब्द मागं घेतो. मराठीत ते बरंच लांबलं. बाळूनं भिंतीजवळ जाऊन भोकात बोट घातलं, वाकून बघितलं, आणि पोट धरून खालीच बसला. "दाजी, बरोब्बर मधोमध मारलायसा! माझा गवंडी मोजून मारंल, तरी लागायचा न्हाय!" सुमन हसायला लागली. हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला.

मामांनी खरोखर दहा मिनिटांत पाइप जोडला. बावीस हजारांचं काम दीडशे रुपयांत झालं. भिंतीचं प्लास्टर दुसऱ्या दिवशी बाळूनं स्वतः थापी हातात धरून केलं.

पुढं काही बिघाड नसतानाही मामा चहाला येत राहिले. नवे प्लास्टिकचे पाइप बाजारात आले तेव्हा त्यांनी एक हातात घेऊन वाकवून बघितला. "ह्यो पाइप न्हाय, शेवग्याची शेंग हाय," म्हणाले आणि कामं घ्यायची बंद केली. मामी गेल्यावर त्यांची लेक त्यांना नेसरीला घेऊन गेली.

तीनेक वर्षांनी मामा गेल्याचं कळलं. उत्तरकार्याला बाळू आणि मी त्याच्या मोटरसायकलवरून गेलो. मांडवात सगळे भावकीतले, ओळखीचं कुणीच नाही. पंगत बसत होती. लेकीनं आमच्याकडं बघून विचारलं, "पावणं कुठलं म्हणायचं?"

गिऱ्हाईक म्हणायला माझी जीभ वळेना. बाळूच बोलला, "कोल्हापूरचं. मामा हुतं ते आमचं."

"म्हंजी तुमच्या आईच्या बाजूनं?"

"व्हय," बाळू म्हणाला.

मामांना बहीण नव्हती. हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? ती वळून वाढणाऱ्याला म्हणाली, "घरच्यांच्या पंगतीत आनखी दोन पानं मांडा."