वापसीच्या तिकिटाची जागा

औरंगाबादच्या छावणीतल्या त्या फ्रेमवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. कानावर पेन्सिल, आणि दर दोन वाक्यांनंतर काचेवर एक फुंकर. माझी मैत्रीण नागपूरला लेकीकडं कायमची राहायला निघाली, तेव्हा आम्ही दोघींनी आमच्या सहलींची जपून ठेवलेली एसटीच्या रिझर्वेशनची तिकिटं, पोस्टकार्डं आणि एक मोरपीस पुठ्ठ्यावर चिकटवलं. माझ्या भिंतीसाठी त्याची फ्रेम करायची होती.

त्यानं पुठ्ठा डोळ्यांजवळ नेऊन एकेक तिकीट वाचलं.

"बाजी," थोरल्या बहिणीला म्हणावं तसं तो म्हणाला, "ही तर सगळी जायची तिकिटं. वापसीची कुठं हायेत?"

"फेकली. ती कोण ठेवतं?" मैत्रीण म्हणाली.

"कमाल है! घरी आल्याचं काहीच ठेवलं नाय?"

त्यानं न विचारता मोरपीस उचकटून माझ्या हातात दिलं.

"इथं जागा सोडतो. फ्रेमची पाठ पक्की ठोकत नाय. वापसीचं तिकीट आलं की खोलून लावा."

मोरपीस मी हौसेनं लावलं होतं. मला रागच आला.

दिवाळीनंतर मैत्रीण दारात उभी राहिली. मी पाणी पुढं केलं, तर म्हणाली, "आधी फ्रेम काढ."

तिच्या मुठीत घामानं ओलं झालेलं तिकीट होतं. नागपूर ते औरंगाबाद.