सोडियममधला उरलेला न्यूट्रॉन

अमरावतीच्या राजापेठेत मी नववी-दहावीच्या मुलांच्या विज्ञानाच्या शिकवण्या घेतो. शिकवतो बरा, पण तोंडाचा फटकळ. शिकवताना मध्येच कुणी हात वर केला की माझं डोकं फिरतं.

अणूच्या केंद्रकात दोन प्रकारचे कण असतात, प्रोटॉन आणि न्यूट्रॉन. 'दोघांना मिळून न्यूक्लिऑन म्हणतात' ही व्याख्या आम्ही वर्षानुवर्षं पाठ करून घेतो. माझा अर्धा वर्ग दर्यापूर, अंजनगावकडचा. म्हणून एका वर्षी मी फळ्यावर जू काढलं आणि म्हणालो, "हा बैल प्रोटॉन, तो न्यूट्रॉन, आणि जोडी म्हणजे न्यूक्लिऑन." पोरं खूश. मीही स्वतःवर खूश.

मग परीक्षा घेतली. पहिल्या येणाऱ्याला दहावीची शिकवणी फुकट. दोन गुणांचा एक प्रश्न होता: सोडियमच्या केंद्रकात अकरा प्रोटॉन, बारा न्यूट्रॉन, न्यूक्लिऑन किती? उत्तर तेवीस. गावाकडच्या झाडून सगळ्या पोरांनी अकरा लिहिलं. दर्यापूरहून एसटीने येणाऱ्या एका मुलीने पुढे जोडलं होतं, 'एक न्यूट्रॉन उरला.' मी लाल रेघ मारली, हसलोही. तिचा पहिला नंबर एका गुणाने हुकला. यादी दारावर लागली.

दुसऱ्या दिवशी ती पेपर घेऊन आली. मी सांगितलं, न्यूक्लिऑन हे जोडीचं नाव नव्हे. प्रोटॉन एकटा असला तरी न्यूक्लिऑनच, न्यूट्रॉनही तसाच.

"मंग तुमी जोडी काहून सांगतली, सर?" ती म्हणाली. "आमच्या घरी एकच बैल हाय. वावरात दुसरा काकाचा जुपतो. एकट्याले काय म्हनाचं, हे मले तवाच विचाराचं होतं."

"मग विचारलं का नाही?"

"तुमी खेकसता ना."

यादी काढून तिचं नाव वर लिहायला दोन मिनिटं पुरली असती. पण मग सरच चुकले, हे सगळ्या राजापेठेला कळलं असतं. मी म्हणालो, "पुढच्या वेळी पुस्तक नीट वाच."

दहावीला ती आली नाही. मला त्याची अजून लाज वाटते.

हल्ली मी हायड्रोजनपासून सुरुवात करतो. केंद्रकात एकटा प्रोटॉन, तरी तो न्यूक्लिऑन. मग खडू खाली ठेवतो आणि विचारतो, "कुणाला काही शंका?" वर्ग गप्प बसतो. गप्प बसले म्हणजे समजलं, असं मी पूर्वी धरून चालायचो.