घंटीनंतरची प्रार्थना

कोरियातल्या आमच्या कुनसान बंदरातल्या मासळीबाजारात बोंगनिमताईला सगळे ओळखतात ते तिच्या आवाजावरून. नवरा समुद्रावर गेला तो परतलाच नाही. तेव्हापासून सुक्या मासळीची तीच फळी, आणि रविवारी चर्चच्या स्वयंपाकघरात सूपचे वाडगे घासणं. "ओहोटीतल्या होडीसारखी चिखलात बसलेय गं मी," म्हणायची.

तिला एकच आस होती, क्वोन्सा व्हायची. मंडळी मतं देऊन थोरल्या बायकांना हा मान देते. यंदा तो मिळाला सोकजाला. या सोकजाला हाताला धरून चर्चमध्ये आणलं कुणी? बोंगनिमताईनंच! प्रार्थना करायलाही तिनंच शिकवलं.

ताईचा नुसता जळफळाट. सोकजानं मान स्वीकारायच्या समारंभासाठी हानबोक, म्हणजे आमचा सणासुदीचा घेरदार पोशाख, शिवायला टाकला, तर पोटात दुखलं हिच्या. "सरका गं, क्वोन्साबाई आल्या!" असे टोमणे सुरू झाले. सोकजा हसण्यावारी न्यायची, त्यानं ही आणखीच पेटायची.

पहाटेच्या प्रार्थनेला आमच्याकडे सगळे एकदमच ओरडून प्रार्थना करतात. कुणाचं कुणाला ऐकू येत नाही, तेच बरं. पाळकसाहेबांनी घंटी वाजवली की सगळे गप्प. त्या पहाटे घंटी वाजली, आम्ही थांबलो, ताई मात्र डोळे मिटून तावातावानं सुरूच.

"प्रभो, तिला का? मला का नाही? वाडगे मी घासायचे आणि मिरवायचं तिनं? पडू दे तिला त्या हानबोकात पाय अडकून!"

सगळं चिडीचूप. ताईनं डोळे उघडले, तर पुढच्याच बाकावर सोकजा! मला वाटलं, ही आता चर्चची पायरी चढत नाही.

पाळकसाहेब खाकरले. "अजून थोडी प्रार्थना करू या," म्हणाले. आम्ही मुद्दाम जास्तच ओरडलो. त्या गलक्यात ताई हमसून हमसून रडली.

नंतर सोकजा मागे वळली. "ताई, रविवारी समारंभाला माझ्या हानबोकची नाडी बांधशील?"

"मी? आत्ता ऐकलंस ना?"

"अख्ख्या चर्चनं ऐकलं. म्हणून तर म्हणते, तूच घट्ट बांध. घागरा पायात यायला नको."

रविवारी ताईनं नाडी करकचून आवळली.

"अगं, श्वास कोंडतोय!"

"कोंडू दे. अजून जळतेच आहे मी."

पण दुसऱ्या दिवशी पहाटे ती माझ्या आधी चर्चमध्ये हजर होती. "होडी जराशी हलली बघ," माझ्या कानात म्हणाली.

प्रार्थना झाली, घंटी वाजली, सगळे गप्प झाले. या वेळी ताईनं ती ऐकली होती. एक डोळा उघडून तिनं घंटीकडे पाहिलेलं मी पाहिलं. तरी ती मोठ्यानं बोललीच.

"आणि प्रभो, सोकजाचे गुडघे बरे कर. ती कुणाला सांगायची नाही, पण पायऱ्या चढताना लंगडते."

पुढच्या बाकावरून सोकजाचं 'आमेन' सगळ्यांच्या आधी आलं.