साबुदाण्यापायी खाल्लेली बोलणी

चंदीगडमध्ये कर्फ्यू लागलेला. सकाळी तो थोडा वेळ उठवला, तसं अख्खं सेक्टर मार्केटकडे धावलं. दुसऱ्या दिवशी चतुर्थी, म्हणून मीही साबुदाण्यासाठी गेले. आमचे किराणावाले सरदारजी आम्हा मोजक्या मराठी घरांसाठी तो वर्षभर ठेवत. पण मला पाहून ते भडकलेच. "लोग आटे के लिए खड़े हैं, और आपको साबुदाना? घर जाइए, बहनजी!"

भर रांगेत अपमान! मी पाय आपटत घरी आले. त्या दुकानाची पायरी पुन्हा चढणार नाही, असं नवऱ्याला सांगत होते, तोच दारात स्कूटर थांबली. सरदारजींनी साबुदाण्याची पुडी हातात दिली. "व्रत है ना?" म्हणाले आणि निघाले. कर्फ्यू पुन्हा लागायच्या बेतात होता आणि त्यांचं घर पार मोहालीत. माझ्या जिवाला घोर लागला.

पुढच्या खेपेला कर्फ्यू उठताच मी आधी दुकान गाठलं. ते गल्ल्यावर होते. "अब क्या चाहिए?" खेकसलेच! इतकं हायसं मला कधीच वाटलं नव्हतं.

पुढे शहरात मोठी, गारेगार दुकानं आली. तिथे सगळे गोड बोलतात. मी मात्र बोलणी खायला सरदारजींकडेच जात राहिले.