वासासकट दोन खोल्या

आमच्या भावजींच्या पोटात काही राहत नाही. बातमी असो, कौतुक असो, नाहीतर स्वस्त भाजीवाल्याचा पत्ता असो, त्यांना सकाळी कळलं की दुपारपर्यंत ज्यांना नको त्यांनाही कळलेलं असतं. ताईशी त्यांचं लग्न ठरलं, ते आमच्या घरात कळायच्या आधी ताई काम करते त्या चष्म्याच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांना माहीत झालं होतं. मी त्यांची धाकटी मेव्हणी, तेव्हा माझी जीभ जरा तिखट असणारच. पण पुढचं सगळं मी ताईकडून आणि बरंचसं खुद्द भावजींच्याच तोंडून ऐकलेलं आहे.

भावजी लिफ्ट दुरुस्त करतात. आमच्या गावात लिफ्ट असलेल्या इमारती इतक्या थोड्या, की त्यांचा निम्मा दिवस रखवालदारांशी गप्पा मारण्यात जाई. मग कंपनीनं त्यांची बदली शहरात केली. ते शहर तेव्हा नुकतंच उंच व्हायला लागलं होतं. रोज कुठेतरी नवा टॉवर उभा राहायचा, टॉवरला तीन-चार लिफ्ट असायच्या आणि त्यातली एक हमखास बंद. साहेब म्हणाले, "तुमचं नशीब उघडलं." नशीब उघडलेल्या माणसानं राहायचं कुठे, हे सांगायला मात्र साहेब विसरले.

दोघं एका लॉजमध्ये उतरले आणि एका एजंटाच्या मागे फिरू लागले. एजंट टोकदार बुटांचा, तुरुतुरु चालणारा, आणि कुठल्याही खोलीत शिरला की हात पसरून उभा राहणारा. खोली इतकी लहान असायची, की त्याचे हात दोन्ही भिंतींना लागायचे. एका ठिकाणी न्हाणीघर स्वयंपाकाच्या ओट्याला इतकं चिकटून होतं, की ताईनं विचारलं, "आंघोळ करताना दूध उतू गेलं तर हात पुरेल ना?" एजंट खूश होऊन म्हणाला, "बघा, वहिनींना फायदा लगेच कळला." दुसऱ्या ठिकाणचे घरमालक स्वतः हॉलमध्ये राहणार होते आणि भाडेकरूंनी त्यांच्या टीव्हीसमोरून, वाकून, बेडरूममध्ये जायचं होतं. त्यांच्या अटी ऐकून झाल्यावर भावजींनी विचारलं, "खोकलेलं चालेल ना?" मालकांनी क्षणभर खरोखर विचार केला. "दिवसा," ते म्हणाले.

परवडतील अशा जागा बघण्यासारख्या नव्हत्या, आणि बघण्यासारख्या जागा एजंट मुद्दामच रस्ता वाकडा करून दाखवायचा, म्हणजे त्यांचं भाडं ऐकून परतल्यावर न्हाणीघरालगतचा ओटा बरा वाटावा.

शेवटी भावजींनी आपली अक्कल चालवली, आणि हे मी मान्य करते, की त्या वेळी ती चालली. टॉवरच्या अगदी माथ्यावर लिफ्टचं मशीन असतं. तिथून काम करता करता सगळं शहर दिसतं. चहूकडे क्रेनच क्रेन उभ्या होत्या. एका बाजूला मात्र बसक्या घरांचा एक मोठा तुकडा होता, त्यावर एकही क्रेन नव्हती. भावजींनी मनाशी ताडलं, बिल्डर जिथे फिरकत नाही तिथे आपल्यासारख्यानं फिरकायला हरकत नाही. सुट्टीच्या दिवशी ताईला घेऊन ते तिकडे निघाले.

बसमधून उतरल्याबरोबर कारण कळलं. तिथे कोंबड्यांचं खाद्य बनवायचा कारखाना होता. दुपारी वारा फिरला की सुक्या मासळीचा, भुश्श्याचा आणि आणखी कशाचा तरी असा एक दाट वास सगळ्या वस्तीवर येऊन बसायचा. पहिल्या दिवशी ताईनं पदर नाकाला लावला. मग तिनं रस्ते बघितले. रुंद होते. झाडं होती. शहरात ताईला जिथे काम मिळालं होतं त्या चष्म्याच्या दुकानांच्या रस्त्यावर बस थेट जात होती. एका दुमजली घराच्या फाटकावर 'वरचा मजला भाड्याने' अशी पाटी होती. घरमालकीण एकटी, पांढरेशुभ्र कपडे, कुठल्याशा इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेली. दोन खोल्या, गॅलरी, आणि स्वयंपाकघरात दोन माणसं एकमेकांना न ढकलता उभी राहू शकतील एवढी जागा.

भाडं ऐकल्यावर भावजींना वाटलं, बाई एका खोलीचं सांगताहेत.

"वास येतो," मेट्रनबाई म्हणाल्या. "नंतर तक्रार नको. आवडला तर राहा."

"वासाचं काय, येतो आणि जातो," भावजी म्हणाले.

महिनाभरात तो वास त्यांना येईनासा झाला. शेजारच्या घरात कारखान्यात पोती शिवणारी एक बाई राहायची, तिच्याशी ताईचं चांगलं जमलं. दोघी एकाच बसनं बाजाराला जायच्या, एकमेकींच्या किल्ल्या सांभाळायच्या. तिनंच ताईला पहिल्यांदा सांगितलं, "इथे सुखात आहात ना? मग फार बोलू नका." ताईनं तो निरोप घरी पोहोचवला.

"अहो, या जागेबद्दल बाहेर सांगत सुटू नका."

"मी कशाला सांगतो," भावजी म्हणाले.

ते सांगत सुटले. आधी कंपनीतल्या हिशेबनीसाला सांगितलं, मग साहेबांच्या ड्रायव्हरला. मग त्यांना एक नवंच व्यासपीठ सापडलं. लिफ्ट अडकली की आत माणसं असतात, ती घाबरलेली असतात, आणि दुरुस्ती करणाऱ्यानं त्यांच्याशी बोलत राहायचं असतं. कंपनीचाच तसा नियम आहे. भावजी बोलत राहायचे. दाराच्या फटीतून ते विचारायचे, "आपण इथे भाड्यानं राहता? किती देता?" आतून दबलेल्या आवाजात आकडा यायचा. "अरे अरे अरे," भावजी बाहेरून हळहळायचे, आणि मग वस्तीचं वर्णन सुरू. रुंद रस्ते, झाडं, थेट बस, समजूतदार घरमालक. आतला माणूस कुठे पळून जाणार? दार उघडेपर्यंत त्याला बसचा नंबर पाठ झालेला असायचा. ताईचा तर संशय आहे, की काही वेळा दार जरा उशिरानंच उघडलं गेलं.

अशानं हळूहळू लोक येऊ लागले. हिशेबनीसही आला, आणि एक तरुण जोडपं आलं, दोघंही घरूनच काम करणारी, त्यांच्याकडे लोकरीच्या गुंड्यासारखा कुत्रा होता. रविवारी भावजी त्यांना सगळी वस्ती फिरवून दाखवायचे. कुठल्या घरात पाणी जोरात येतं, कुठला मालक भाडं वाढवत नाही, सगळं. जाताना लोक हातात हात घेऊन म्हणायचे, "तुमच्यामुळे जागा मिळाली हो." भावजी त्या दिवशी रात्रीपर्यंत जमिनीपासून चार बोटं वर चालायचे. गावाकडे मला फोन करून म्हणाले, "माणसानं शहराला काहीतरी दिलं पाहिजे."

शहरानं काय परत दिलं ते लवकरच दिसलं. टायर पंक्चरच्या दुकानाच्या जागी कॉफीचं दुकान आलं. तिथे बसायला खुर्च्या नव्हत्या, लाकडी खोकी होती, आणि खोक्यावर बसण्याचे पैसे खुर्चीपेक्षा जास्त होते. एजंटानं कोपऱ्यावर ऑफिस थाटलं. तोच तो, टोकदार बुटांचा. भावजींना त्यानं कडकडून मिठी मारली.

नव्या लोकांना मात्र वासाची सवय होईना. त्यांना ती करून घ्यायचीच नव्हती. लोकरीच्या गुंड्याच्या मालकिणीनं सभा बोलावली. शुद्ध हवा हा आपला हक्क आहे, असं ठरलं. कारखाना हलवा, अशी मागणी घेऊन नगरपालिकेत जायचं, आणि सगळ्यांच्या वतीनं बोलायचं कुणी? या वस्तीत बाहेरून सर्वांत आधी आलेला जाणता माणूस कोण? भावजींना हार घालायचा तेवढा बाकी होता.

शेजारीण त्या दिवसांत जरा कमी बोलू लागली. ताईनं भावजींना स्वयंपाकघरात गाठलं.

"तुम्ही जाऊ नका त्या शिष्टमंडळात."

"अगं, हवेचा प्रश्न आहे."

"तुम्हाला येतो तरी का आता वास?"

"मला येत नाही, पण म्हणून तो नाही असं थोडंच आहे?"

"तो वास आपलं निम्मं भाडं भरतोय," ताई म्हणाली.

भावजी हसले. बायकांना सार्वजनिक काम कळत नाही, असं काहीतरी बोलले. ते वाक्य ताईनं मला जसंच्या तसं सांगितलंय, पण ते इथे लिहून मी बहिणीचा संसार मोडणार नाही.

ते गेले आणि उत्तम बोलले. इतकं उत्तम, की वर्षाच्या आत कारखान्याला शहराबाहेरची जमीन मिळाली आणि मालकानं गाशा गुंडाळला. त्याला जुन्या जागेचे काय पैसे मिळाले असतील ते तोच जाणे, पण निरोपाच्या दिवशी तो रडत नव्हता. रडली ती शेजारीण. नोकरी कारखान्याबरोबर गेली, तेव्हा तिलाही वस्ती सोडावी लागत होती. सामान टेंपोत चढवताना तिनं भावजींकडे बघितलंही नाही. ताईनं तिचा नवा पत्ता घेतला.

हवा शुद्ध झाली. त्या शुद्ध हवेत पहिली क्रेन उभी राहिली, आणि त्याच आठवड्यात मेट्रनबाई जिना चढून वर आल्या. त्या कधी वर येत नसत.

"पुढच्या करारापासून भाडं दुप्पट," त्या म्हणाल्या. तापाचा आकडा सांगावा तशा.

भावजींना ते आधी नीट ऐकूच आलं नाही. मग ते घासाघीस करायला लागले. "मॅडम, गॅलरीत पावसाचं पाणी येतं."

"पाऊस गॅलरीत बसून छान वाटतो, असं तुम्हीच त्या कुत्रेवाल्यांना सांगत होतात. मी खाली होते."

"मच्छर आहेत."

"मच्छरांचं नावसुद्धा नाही, असं हिशेबनीसांना म्हणालात."

"भिंतीला ओल आहे."

"त्यामुळे उन्हाळ्यात गारवा राहतो," मेट्रनबाई शांतपणे म्हणाल्या. "हेही तुमचंच. खरं सांगू का, माझ्या घरात इतकं काही आहे हे मला माहीतच नव्हतं. तुम्ही लोकांना सांगायचात आणि मी दाराआडून ऐकायचे. तुमच्यामुळे कळलं."

"पण आम्ही इतकी वर्षं तुमच्याकडे..."

"चांगले भाडेकरू आहात. राहा की. नको कोण म्हणतंय?"

वरचा मजला त्या जोडप्यानंच घेतला. पाणी जोरात येतं हे त्यांना माहीत होतं. भावजी काही दिवस इतके गप्प होते, की कंपनीत कुणीतरी त्यांना डॉक्टरचं नाव सुचवलं.

या वेळी जागा ताईनं शोधली. तिनं ना एजंट पकडला, ना कुठला माथा गाठला. ती एका रविवारी शेजारणीला भेटायला गेली आणि तिच्या ओळखीनं, रेल्वेच्या मालधक्क्यापलीकडे, दोन खोल्या ठरवून आली. तिथे दिवसभर लोखंडी सळया उतरवतात, त्यामुळे बोलायचं झालं तर ओरडून बोलावं लागतं. सामान हलवायच्या दिवशीही तिनं भावजींना पत्ता सांगितला नाही. टेंपोवाल्याला सांगितला. भावजी टेंपोत मागे, गादीवर बसून, आपण कुठे चाललोय हे वळणांवरून ओळखत होते.

आता कंपनीत कुणी विचारलं, कुठे राहता, तर भावजी म्हणतात, "लांब." एवढंच. त्यावरून लोकांनी ठरवलं, की यानं कुठेतरी झकास फ्लॅट घेतलाय आणि लपवतोय. साहेबांच्याही ते कानावर गेलं. यंदा भाडेभत्ता वाढवायचा विषय निघाला तेव्हा साहेब भावजींना म्हणाले, "तुम्हाला काय कमी आहे?" आणि फाइल मिटली.

माझी बदली त्याच शहरात झाली ती गेल्या हिवाळ्यात. मी सरकारी शाळेत शिकवते. उतरले ती ताईकडेच, आणि दुसऱ्या दिवशी चहा पिताना भावजींना विचारलं, "इथे आसपास मला एखादी खोली मिळेल का हो?"

सळया खणखणत होत्या. भावजींनी ऐकलं नसल्यासारखं केलं. मी पुन्हा, ओरडून विचारलं.

"इथे?" ते म्हणाले. "इथे काही नाही गं. पाणी नाही, बस नाही. लोक पण जरा तसेच आहेत."

न्हाणीघरात बादली भरून वाहत होती. मी आले होते ती बसनंच, आणि ती समोरच थांबली होती.

"भावजी, मी तुमची मेव्हणी आहे."

"म्हणूनच सांगतोय. तू दुसरीकडे बघ. मोठ्या रस्त्याला छान टॉवर आहेत, सगळ्यांना नव्या लिफ्ट आहेत."

लिफ्टमध्ये अडकलेल्या अनोळखी माणसांना ज्यानं अख्खी वस्ती वाटून टाकली, तो माणूस बायकोच्या सख्ख्या बहिणीला एका खोलीचा पत्ता देईना. मला राग आला, खोटं कशाला बोलू. ताईनं बादलीवरचा नळ बंद केला, चपला घातल्या आणि मला म्हणाली, "चल." ती जुनी शेजारीण आता इथे दोन घरं सोडून राहायची. तिनं मला नखशिखांत न्याहाळलं, शाळेत काय शिकवतेस ते विचारलं, आणि मग तिचा एकच प्रश्न होता.

"तू फार बोलतेस का?"

"नाही," मी म्हटलं.

ती ताईकडे बघून हसली, आणि खोलीची किल्ली आणायला आत गेली.