कोरडी वीट

कारंजाच्या एसटी स्टँडवर बाबा मला सोडायला आले ते थेट कामावरूनच. कोपरापर्यंत वाळलेलं सिमेंट, खांद्याला पिशवी, पिशवीतून थापीची मूठ बाहेर आलेली. पुण्याची गाडी लागली होती. आईनं रुमाल टाकून खिडकीची जागा धरली होती आणि मी पायरीवर एक पाय ठेवला होता. इतर मुलींचे वडील अभ्यासाच्या, जेवणाच्या, पोरांपासून जपून राहण्याच्या गोष्टी सांगत होते. बाबांनी एवढंच विचारलं, "वैशू, डब्यातली शेवटची इट सकायी तूच लावली ना?"

मी हो म्हटलं.

"मंग ठीक आहे," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी खरोखर उतरली. गाडी हलली तेव्हा ते निवांत उभे होते.

इंझोरीत मागे राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं निघून जाऊन हिंजवडीत, दुबईत नाहीतर इथे नेदरलँड्समध्ये बसलेल्यांनो, हे तुमच्यासाठी लिहिते आहे. बाहेरच्याला हा वेडेपणा वाटेल. तुम्हालाही वाटेल, पण तुम्ही निदान माझ्या बाबांना ओळखत होता. तुमच्यातल्या निम्म्यांच्या भिंती त्यांनीच उचलल्या आहेत.

तो डबा बिस्किटांचा होता, पत्र्याचा. कारंजात एका व्यापाऱ्याच्या घरावर बाबांनी माडी चढवली, तेव्हा त्या घरच्या बाईंनी आपल्या मोठ्या झालेल्या मुलांचे प्लास्टिकचे ठोकळे त्यात भरून माझ्यासाठी पाठवले. लाल आणि पांढरे, डोक्यावर गोल बटणं, एकमेकांत कच्चकन बसणारे. चार खिडक्या, एक दार. सोबत कागद नाही, चित्र नाही. गावात असलं खेळणं कुणी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे ते कसं खेळायचं हे सांगणारंही कुणी नव्हतं. मी घरं बांधायची. दुसरं काय बांधणार, गवंड्याची पोर मी.

संध्याकाळी हातपाय धुऊन बाबा माझ्यासमोर उकिडवे बसायचे आणि एक डोळा मिटून माझी भिंत बघायचे. "सांध्यावर सांधा येऊ देऊ नोको. भित फाटते," म्हणायचे, आणि सगळं उचकटून परत लावायला सांगायचे. घर होत आलं की डब्यातली शेवटची वीट मला लावू द्यायचे नाहीत. ती मुठीत घ्यायचे. "एक राहू दे. घर पुरं झालं का त्यातलं एक माणूस जाते."

"कुठी जाते?"

"जाते म्हंजे जाते."

हा खेळातला नियम नव्हता. त्यांनी बांधलेल्या प्रत्येक घरात एक वीट कोरडी असायची. कोरडी म्हणजे सिमेंट-वाळूचा माल न लावता नुसती सरकवलेली. माळ्याच्या मागे, पायरीच्या पोटात, जिथे कुणाचा हात जात नाही अशा जागी. घरमालकाला सांगायचे नाहीत. तुमच्याही घरात एक आहे. कुठे आहे ते मला माहीत नाही. आमच्या घरात ती मागच्या भिंतीत होती, न्हाणीच्या दाराच्या वर. स्टुलावर चढून मी ती अर्धी बाहेर ओढायची. आत काळोख आणि गार वारा. एवढ्याशा भिंतीत एवढा गार वारा कुठून येतो, हे मला इंजिनिअर झाल्यावरही सांगता आलेलं नाही.

पुण्याला निघायच्या दिवशी सकाळी, बाबा कामावर गेल्यावर, मी डब्यातले सगळे ठोकळे वापरून घर केलं आणि शेवटचाही लावून टाकला. थोडी चेष्टा, थोडा राग. स्वयंपाकघरातून आईनं बघितलं आणि नुसतं म्हणाली, "आज पुरं केलं व?" जाणारं माणूस कोण, हे त्या दिवशी सगळ्यांना माहीत होतं. आईनं ते बाबांच्या कानावर घातलं असणार, म्हणून ते स्टँडवर निवांत होते. आलेलं संकट स्वस्तात निभावलं म्हणून.

आता मी आइंडहोवनमध्ये राहते, यंत्रांची मापं तपासते. मिलिमीटरचा हजारावा भाग हा आमच्याकडे ढोबळ आकडा. आणि चाळिशी उलटलेली बाई असून रविवारी ठोकळे खेळते. इथे हा वेडेपणा समजला जात नाही. महिन्यातून एकदा आम्ही पंधरा-वीस मोठी माणसं एका हॉलमध्ये जमतो आणि लहान मुलांसारखी भांडतो. माझं भांडण ठरलेलं, विमशी. विम निवृत्त टपाल कर्मचारी. त्याच्या मते ठोकळ्यांचे खोक्यावर चित्र असलेले नवे सेटच खरे. किती रंग, किती वळणं, नेमकं चित्रातल्यासारखं. जुने म्हणजे नुसती खोकी. आणि हा गृहस्थ अर्धे सेट सील न फोडता कपाटात ठेवतो. भाकर करायची, टोपल्यात झाकायची आणि भुकेलं झोपायचं.

मी जुन्यांच्या बाजूची. राजाच्या वाढदिवशी इथली पोरं रस्त्यावर चादर अंथरून आपली खेळणी विकतात, तिथून मी पिशव्या भरून आणते. जुन्यात आकार मोजके. तीच वीट आज भिंत, उद्या पायरी, परवा बैलाची पाठ. पांढरी वीट उन्हात पिवळी पडते, एखादीवर कुणाचे तरी दात उमटलेले असतात. पुष्कळदा पिशवीत अर्धवट भिंत तशीच येते आणि तिच्यावरून पोराचा हात कळतो. डावखुरं होतं, घाईत होतं, मधेच कुणीतरी जेवायला हाक मारली. ती भिंत मोडायला माझा हात धजत नाही. नव्या सेटचं तसं नाही. पिशव्यांवर आकडे, जाडजूड पुस्तक, प्रत्येक तुकड्याची एकच जागा. तुमच्या हाताचं त्यात काहीच उरत नाही. आणि मुख्य म्हणजे तो पुरा होतो. जुना डबा कधी पुरा होत नसे, नवा सेट पुरा झाल्याशिवाय सोडत नाही. शेवटचा तुकडा बसवताना विम मोठ्यानं "क्लार" म्हणतो, झालं म्हणून. तेवढ्यापुरती मी हॉलबाहेर जाऊन उभी राहते.

कारण माझा पहिला नवा सेट, तीन मजली कोपऱ्यावरचं घर, मी एका रविवारी दुपारी पुरा केला. धुराड्यावरचा तुकडा लावला, फोटो काढला, चहा ठेवला आणि फोन आला. शिरपूरला कामावर असताना बाबा सावलीत टेकून बसले ते उठलेच नाहीत.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला. मी स्वतःला असंच समजावलं. वर्षभर ठोकळ्यांना हात लावला नाही. मग हट्टानं दुसरा सेट आणला, रेल्वे स्टेशन. तो झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईंना त्यांचा मुलगा वृद्धाश्रमात घेऊन गेला. तेव्हा मी माझ्या धंद्यातलं माणूस करेल तेच केलं. तिसरा सेट मुद्दाम, चाचणी म्हणून बांधला. पुरा केला आणि आठ दिवस फोनकडे बघत बसले. कुणी गेलं नाही. मी हसले, विमला पोफर्तजेस, म्हणजे इथले छोटे गोड आप्पे, खाऊ घातले. महिन्याभरानं झाडताना रेडिएटरखाली एक करडी फरशी सापडली, नखाएवढी. पुस्तक काढून बघितलं. मागच्या गच्चीवरची होती. सेट पुरा झालेलाच नव्हता.

ती मी लावली नाही. एवढं शिकून.

आई इंझोरीत एकटी राहिली. मी दर वर्षी म्हणायची, इकडे ये. ती म्हणायची, "त्याईले एकटं टाकून कशी येऊ?" सुरुवातीला मला वाटलं बाबांच्या फोटोबद्दल बोलते आहे. मग व्हिडिओ कॉलवर दिसायला लागलं. बोलता बोलता ती थांबायची, मान वळवायची, मागच्या भिंतीकडे बघायची आणि "हो" म्हणायची. मग माझ्याशी पुढे बोलायची.

"कोणाला हो म्हणतेस?"

"दुपारी ठोकतेत ना."

एकदा मलाही ऐकू आलं. टक, टक, थांबून एक टक. वीट बसवल्यावर गवंडी थापीच्या मुठीनं ठोकतो तसं. मी तिला समजावलं की भिंत उन्हानं तापते, वारा येतो, सुटी वीट हलते. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हो ना, तेच तं. त्याइचीच इट आहे ते."

मला भीती वाटली. आईचं डोकं फिरत चाललंय याची, आणि खरं सांगायचं तर, फिरत नसेल याचीही. शिवाय राग होता. मेलेला माणूस तिला सोडत नव्हता आणि जिवंत लेकीकडे येऊ देत नव्हता. म्हणून मी घर दुरुस्तीला काढलं. गावातल्याच एका ठेकेदाराला कामाचा कागद पाठवला, नव्या सेटच्या पुस्तकासारखा, आकडे घालून. नवं प्लास्टर, न्हाणीला टाईल, स्वयंपाकघराचा ओटा. आणि आकडा चौदा: मागच्या भिंतीतली सुटी वीट माल भरून पक्की करावी, कुठेही पोकळी राहू नये. हे मी विसरून लिहिलं नाही. सगळं माहीत असून लिहिलं. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

काम संपल्याचे फोटो आले. घर देखणं दिसत होतं. त्या दिवसापासून आईनं फोन उचलला नाही.

पहिल्या दिवशी मी स्वतःला शास्त्र सांगितलं. दुसऱ्या दिवशी मला फक्त एवढंच दिसत होतं की घर पुरं झालंय आणि त्यात एकच माणूस आहे. शेजारच्या शांताकाकूंचा फोन लागेना. मी विमानात बसले. नागपूर, मग एसटीनं कारंजा, तिथून ऑटो. वाटेत काय बघितलं ते आठवत नाही. देवाला मी काय काय कबूल केलं ते आठवतं, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आई अंगणात हरभरा निवडत होती.

मी तिला धरून रडले. तिनं सुपातला हरभरा सांडू दिला नाही, एका हातानं मला थोपटलं. फोन का उचलला नाही म्हणून मी चिडले तेव्हा म्हणाली, "बोलाचं मनच नव्हतं व."

मी घरात गेले. भिंती गुळगुळीत, थंड. न्हाणीच्या दाराच्या वर हात फिरवला, कुठे होती ते कळलंसुद्धा नाही. दुपारची वेळ होती. घरात इतकी शांतता होती की मला माझ्याच कानातलं रक्त ऐकू येत होतं. लहानपणापासून त्या घरात कधी इतकं शांत नव्हतं, आणि हे आज पहिल्यांदा कळत होतं. म्हणजे त्या सुट्या विटेचा आवाज माझ्या जन्मापासून होता आणि मी तो ऐकत आले होते.

"तुहे बाबा गेले," आई दारातून म्हणाली.

"आई, बाबांना जाऊन सात वर्षं झाली."

"तवा तं मेले होते. गेले आत्ता, इट पक्की केली त्या रोजी."

मी बाबांच्या पिशवीतली छिन्नी आणि हातोडी काढली. तेवढंच सुचलं. स्टूल ओढलं आणि पहिला घाव घालणार, तर आईनं माझा पाय धरला. "राहू दे. घराभाईर काहाडल्यावर मंग दार उघडून काय फायदा?"

माझा हात तिथेच थांबला. ती पुढे अगदी साध्या आवाजात म्हणाली, "ठेकेदारानं कागद वाचून दाखोला होता मले. तूनंच लेहलं ना ते?"

मी हो म्हटलं. बाबांनी माझ्यावर कधी हात उगारला नव्हता, मोठ्यानं बोलले नव्हते, आणि मी त्यांना त्यांनी बांधलेल्या घरातून एका ओळीत बाहेर काढलं होतं. मी आईची माफी मागितली. तिनं मला माफ केलं की नाही, मला अजून माहीत नाही. तिनं नव्या ओट्यावर हात ठेवला. मग म्हणाली, "आता मले ने. कुठी नेतं तं ने. इथं आता कोण आहे माहं."

सात वर्षं मी जे ऐकायला तडफडत होते, ते असं ऐकायला मिळालं.

व्हिसा व्हायला दोन महिने गेले. घराला कुलूप लावलं, किल्ली शांताकाकूंकडे आहे. व्हिसाचे तीन महिने संपल्यावर पुढे काय, हा विषय आई काढत नाही, मी विचारत नाही. तिला इथली थंडी चालते, पाव चालत नाही. माझे सेट तिनं एकदा निरखून पाहिले आणि जुन्या लाल-पांढऱ्यांपाशी जरा जास्त थांबली. विमनं तिला हात जोडून नमस्कार केला तेव्हा ती खूश झाली. पण तिचा एक प्रश्न संपत नाही. "हे बिल्डिंग कोणं बांधली?" मी कंपनीचं नाव सांगितलं. "कंपनी नाही. माणूस कोण?" मला माहीत नव्हतं. इथे कुणालाच माहीत नसतं. "गवंडी मालूम नाही अन् झोप लागते तुमाले," ती म्हणाली.

इथल्या लोकांना घर कुठे विचारलं की ते पत्ता सांगतात. मीही अकरा वर्षं सांगत आले. आता त्या पत्त्यावर मला नीट झोप लागत नाही.

परवा लवकर घरी आले. दुपारचे तीन वाजले होते. आई जेवणाच्या टेबलामागे, पडद्याशेजारी उभी होती, कान भिंतीला लावून, डोळे मिटून. मी चपला काढल्या, जवळ गेले. काय ऐकतेस असं विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं.

"अजून तं कोणी नाही," ती म्हणाली, आणि थोडी बाजूला सरकून तिनं मला जागा करून दिली.