भर दुपारी फिरलेली पाणचक्की

भुताखेतांच्या गोष्टी मी आवडीने ऐकते, पण विश्वास शून्य. माझा विश्वास वहीवर. बसवनगुडीतल्या एका शाळेचं ऑफिस सांभाळते. घरी वाण्याची यादी, धोब्याची यादी, राहिलेल्या कामांची यादी... तेव्हा पुढचं मी वाढवून सांगत नाहीये, एवढं धरून चाला.

सात-आठ वर्षं झाली. देवनहळ्ळीपासून चार मैलांवर माझं माहेर. तिथे तलावाच्या बांधाखाली पाणचक्की आहे — पाणी पन्हळीतून लाकडी चाकावर पडतं आणि चाकाचा दांडा वरच्या खोलीतला दगड फिरवतो. भीमण्णा ती चालवायचे. ते गेले आणि चक्की पंधरा वर्षं बंद राहिली. मग गावाने ठरवलं, पुन्हा सुरू करायची, सगळ्यांच्या मालकीची. माझा थोरला भाऊ अण्णा पुढारी. मी सुटीत जाऊन कामं वाटून देणारी. नवं चाक झालं, पन्हळ झाली, पाथरवट दगडाच्या जुन्याच खाचांना टाकी लावून गेला. एकेक काम मी यादीतून खोडत गेले.

फक्त नाचणी दळेना. दगड छान फिरायचा, पण दाणे अर्धेमुर्धे भरडून आतच साचायचे. पंच म्हणाले, शनिवारपर्यंत पीठ पडलं तर सरी, म्हणजे ठीक, नाहीतर दगड फोडून बांधाच्या डागडुजीला.

गुरुवारी दुपारी सगळे जेवायला गेले. मी आधीच जेवले होते, म्हणून खोलीत एकटी बसले. तलावाचा दरवाजा बंद होता, चाकाला सुताराने पाचर मारलेली. कौलांच्या फटीतून ऊन उतरत होतं आणि त्यात पिठाचे कण तरंगत होते... अजून चिमूटभरही पीठ पडलं नव्हतं, हे माझ्या फार नंतर लक्षात आलं.

आणि दगड हलला. आवाज नाही, धक्का नाही — झोपेत कुणी कूस बदलावी तसा. ताज्या नाचणीचा गोडसर वास आला. मी घड्याळ पाहिलं: अडीचला पाच कमी. भीती वाटली नाही. लहानपणी तापात कपाळावर कुणाचा तरी हात असायचा, तसं काहीतरी वाटत होतं. आम्ही फिरवायचो त्याच्या बरोबर उलट, डावीकडे, दगड फिरत राहिला. अडीचला थांबला.

अण्णा आल्यावर सांगितलं.

"कमळे, झोप लागली तुला."

"मी बसल्या बसल्या कधी झोपते का?"

"मग आज यादीत लिही, 'झोपले'!"

सुतार खाली उतरून बघून आला. पाचर जागच्या जागी.

मला राहवेना. भीमण्णांच्या बायकोकडे, लक्ष्मक्काकडे गेले. तिने एकच विचारलं, "कुठल्या अंगाला फिरला?"

मी हाताने दाखवलं.

"मग बरोबर. तसाच फिरतो तो. तुम्ही कसा फिरवलात?"

"उजवीकडे. प्रदक्षिणेसारखा. अण्णा म्हणाला, ते शुभ."

ती खुदकन हसली. "देऊळ आहे काय ते? खाचा डाव्या फिरण्याच्या आहेत गं. पन्हळ पलीकडच्या अंगाला लावा."

"अक्का, आधी का नाही सांगितलंत?"

"विचारलं कोण? शुभकार्य आहे, विधवेनं स्वल्प लांब राहावं, म्हणाला तुझा अण्णा."

खरं होतं. कामाच्या यादीत चोवीस नावं होती. तिचं नव्हतं. यादी माझ्या हातची होती.

शुक्रवारी पन्हळ हलवली. शनिवारी पंचांसमोर पीठ पडलं, मऊ, कोमट. पहिली ओंजळ मी सगळ्यांदेखत लक्ष्मक्काच्या हातात दिली. अण्णा जमिनीकडे बघत उभा राहिला.

गर्दी पांगल्यावर मी हळूच विचारलं, "अक्का, कुणी फिरवला असेल हो?"

ती ओंजळीतल्या पिठाकडे बघत होती. "पंधरा वर्षं रोज दुपारी या चक्कीच्याच उंबऱ्यावर बसले मी. तुम्ही लोक आलात तेव्हा उठले. इतक्या वर्षांत एकदा तरी... मला का नाही गं दिसलं?"

दगड कसा फिरला, ते मला आजही सांगता येत नाही. पण तो प्रश्न मला तेवढा छळत नाही. तिचा छळतो.